मी डॉक्टरांना ‘कालपासून’ म्हणाले

हे मी सांगते आहे आणि माझे मिस्टर लिहून घेत आहेत. ते फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले. अक्षर कसंही असलं तरी ओळी सरळ येतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते तपासता येत नाही. साताऱ्यातल्या प्राथमिक शाळेत पंचवीस वर्षं मी वह्या तपासल्या, आणि आता नवऱ्याची एक वही तपासायची माझी सोय राहिलेली नाही.

ज्यांच्या चष्म्याचा नंबर मोठा आहे, उणे आठ, उणे दहा, उणे पंधरा, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मी हे सांगते आहे. वाचून धीर येईल असं यात काही नाही. माझ्याजवळच तो उरलेला नाही, तर तुम्हाला कुठून देऊ? पण मी जे केलं ते तुम्ही करू नये, एवढ्यासाठी लाज बाजूला ठेवून बसले आहे.

माझा नंबर उणे अठरा. चष्मा काढला की पुस्तक नाकाला टेकवून वाचायचं, आणि त्यापलीकडचं जग म्हणजे नुसते रंग. त्यात डावा डोळा आधीच अधू झालेला. काही वर्षांपूर्वी त्याच्या मागच्या पडद्यावर, बरोबर मध्यभागी, रक्त येऊन डाग पडला. तेव्हापासून त्या डोळ्याने समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, “बाई, या डोळ्याला आज तरी आमच्याकडे उपाय नाही. पण उजवा सांभाळा. एवढ्या नंबराचा डोळा लांबट होतो, आतला पडदा ताणून पातळ होतो. कधी वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके नाचायला लागले, कडेने सावली आली, तर त्याच दिवशी या. दुसरा दिवस उजाडू देऊ नका.”

मी मान डोलावली. एकदा सांगितलेलं पोरांना कळत नाही म्हणून वर्गात आवाज चढवणारी बाई मी. मला सगळं नीट कळलं होतं.

आठ पावलं

वर्षा माझी एकुलती एक मुलगी. बी. कॉम. झालेली, हसरी, आणि उणे नऊ. त्या चष्म्यापायी दोन स्थळं परत गेली होती. तिसरं आलं ते मलकापूरचं. घरची ऊसशेती, मुलगा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. मध्यस्थ आमच्याच गल्लीतले. त्यांनी परस्पर सांगून टाकलं होतं की मुलीला वाचण्यापुरता बारीकसा चष्मा आहे.

पाहायला येणार म्हटल्यावर मुलीचा चष्मा काढून ठेवतात, हे काही नवीन नाही. ते खोटं बोलणं आहे असं कुणालाच वाटत नाही. पण माझी थोरली नणंद मुद्दाम आदल्या दिवशी आली आणि म्हणाली, “पोरीचा काढशील गं, पन तुजं काय? तुजी ती बाटलीची बुडं बघितली की त्यांस्नी कळंल, हे आईकडनं आलंय म्हनून.”

“मग मी काय करू, वन्सं?”

“तू बी काढ. दोन तासांचा तर प्रश्न हाय.”

मग आम्ही मायलेकींनी चष्मे काढून तालीम केली. ओट्यापासून दिवाणापर्यंत आठ पावलं. तिथून डावीकडे वळलं की मुलाची आई बसणार. तीन पावलांवर मुलगा. वर्षा रिकामे कप ठेवलेला ट्रे घेऊन घरभर चालत होती आणि मी मोजत होते. दोनदा ती मला येऊन धडकली. आम्ही खूप हसलो त्या दिवशी. ते हसणं आठवलं की आता मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

कार्यक्रम छान झाला. कोपऱ्यातल्या शिलाई मशीनला पाहुणा समजून मी ‘पोहे घ्या ना’ म्हणाले नाही, एवढंच. मुलाची आई माझ्या शेजारी बसली होती. मला तिची हिरवी साडी दिसत होती आणि तिचा आवाज येत होता. “घर लय निगुतीनं ठेवलंय तुमी,” असं ती म्हणाली, आणि मी त्या हिरव्या रंगाकडे बघून गोड हसले. संध्याकाळी होकार आला. साखरपुडा तीन आठवड्यांनी ठरला.

नकाशा

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्याकडे वळले आणि उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकली. बाहेर लख्ख ऊन होतं. मग पुन्हा चमकली. दुपारी खडूने लिहिलेल्या अक्षरांतून काळे ठिपके फिरायला लागले, डासांसारखे. हात हलवला तरी ते जाईनात.

मी समजले. म्हणूनच हे सांगताना जीभ जड होते. ज्याला माहीत नव्हतं त्याला माफी असते.

मिरजेला जायचं म्हणजे ऑपरेशन, पट्टी, महिनाभर रजा. गल्लीत बातमी फुटायला एक दिवस पुरला असता. मध्यस्थांच्या घरून ती मलकापूरला गेली असती. आईचा डोळा नंबरापायी गेला, मुलीचंही तेच होणार, असं ते म्हणाले असते, आणि त्यात खोटं काय होतं? म्हणून मी ठरवलं की साखरपुडा होऊ दे, मग जाऊ. घाबरून ठरवलं असं नाही. शाळेचं वेळापत्रक लावावं तितक्या थंडपणे ठरवलं.

वर्गात भिंतीवर भारताचा नकाशा होता. रोज सकाळी मुलं यायच्या आधी मी डावा डोळा झाकायची आणि नकाशाच्या मधोमध, नागपूरवर, नजर रोखायची. पहिले काही दिवस सगळं जागेवर होतं. मग एके सकाळी आसाम दिसेना. आठवड्याने कलकत्ता गेलं. मग ओरिसा. उजवीकडून करडी सावली सरकत येत होती आणि मी ती रोज मोजत होते, कुणाला न सांगता. घरी स्वयंपाक करत होते, साखरपुड्याच्या साड्या बघत होते. मनात एकच की थांब, आणखी नऊ दिवस थांब. आणखी पाच.

साखरपुड्याला मी पुन्हा चष्मा काढून उभी राहिले. वर्षाच्या बोटात अंगठी गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला दिसलं नाही, ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात गेले, डोळा झाकला, आणि नागपूर नव्हतं. नकाशाच नव्हता. पहिल्यांदा वीज चमकल्याला त्या दिवशी बावीस दिवस झाले होते.

मिरज

घरी येऊन मिस्टरांना म्हणाले, “अहो, उजव्या डोळ्याला काहीतरी झालंय.”

“कवापास्नं?”

“कालपासून.”

ते तोंडातून निघून गेलं. बावीस दिवस म्हटलं असतं तर ते कडाडले असते, आणि ते ऐकायचं बळ माझ्यात नव्हतं. त्यांनी तासाभरात पिशवी भरली आणि आम्ही एस. टी.त बसलो. सगळ्या वाटेत त्यांनी माझा दंड सोडला नाही.

डॉक्टरांनी कपाळाला दिवा बांधला, भिंग धरलं आणि कितीतरी वेळ माझ्या डोळ्यात बघत राहिले. वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा. मग विचारलं, “कधीपासून?”

मिस्टर शेजारीच उभे होते.

“कालपासून,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

“मग लवकर आलात. लोक महिना महिना काढतात. पडदा सुटलाय, मध्यभागही गेलाय, पण कालचाच असेल तर अजून मऊ असेल. बसवता येईल.”

त्यांनी माझं कौतुक केलं आणि मी ते घेतलं. खाली मान घालून, शहाण्या विद्यार्थिनीसारखं.

त्यांनी समजावून सांगितलं की पडद्याला भोक पडलंय. बाहेरून गार सळई लावून भोकाच्या कडा चिकटवायच्या आणि डोळ्याभोवती पट्टा आवळायचा. एका ऑपरेशनमध्ये काम होईल. उशिरा आलेल्या, जुन्या केसमध्ये आणखी बरंच काही करावं लागतं, तुम्हाला त्याची गरज दिसत नाही, असंही ते म्हणाले.

ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांना पट्ट्या. सकाळ झाल्याचं चहाच्या किटलीच्या आवाजावरून कळायचं, दुपार फिनेलच्या वासावरून. शेजारच्या खाटेवर तासगावकडच्या पारूबाई होत्या, मोतीबिंदूसाठी आलेल्या. त्यांचा एक डोळा उघडा होता, त्यामुळे वॉर्डाची सगळी खबर त्या मला द्यायच्या. तिसऱ्या दिवशी माझ्या केसांच्या जटा झाल्या होत्या. त्या उठून माझ्या उशाशी बसल्या आणि तेल लावून वेणी घालून दिली.

“कुनाकुनाचं काय काय हुतंय बगा,” त्या म्हणाल्या. “तुमी तर दुसऱ्याच दिशी आलासा म्हनं. लय शानपना केला. आमच्या जावंनं धा दिस अंगावर काडलं आन बसली डोळा घालवून.”

मला हुंदका आला.

“आवं बाई, रडू नका. टाकं भिजत्यात.”

त्यांना वाटलं मी घाबरले आहे. त्या बिचारीच्या बोटांनी मला किती बरं वाटलं होतं ते मी तिला सांगू शकले नाही.

तोंड खाली

पंधरवड्यात सावली परत आली. डॉक्टरांनी तपासलं, खुर्ची मागे सरकवली आणि केसपेपर पुन्हा वाचला. “आतून वळ्या पडल्यात,” ते म्हणाले. “पडदा चुरगळलाय. एवढ्या लवकर असं व्हायला नको होतं.” मी गप्प बसले. तेव्हाही गप्प बसले.

आता सगळंच करायचं होतं. डोळ्यातली जेली काढायची, पडद्याच्या वळ्या एकेक करून उलगडायच्या, भोकाभोवती लेसर मारायचा आणि पडदा दाबून धरायला आत तेल भरायचं. आधीचा पट्टा होताच. मग ते तेल नीट बसावं म्हणून दहा दिवस तोंड खाली. झोपताना, बसताना, जेवताना, सतत. मान वर केली तर केलेलं वाया जाईल.

दहा दिवस मी फरशी बघितली, म्हणजे डाव्या डोळ्याच्या कडेतून जेवढी दिसेल तेवढी. भेटायला माणसं येत होती. आपल्याकडे दवाखान्यात भेटायला जाणं हे लग्नाला जाण्याइतकं चुकवता न येणारं असतं, आणि आलेल्या माणसाकडे बघून बोलावं लागतं. मी त्यांच्या चपलांशी बोलत होते. धाकटे दीर नारळपाणी घेऊन आले, तासभर बसले, आणि साताऱ्यात जाऊन म्हणाले की वहिनीसाहेबांनी मान सुद्धा वर केली नाही, शिकलेल्या ना त्या.

माझ्याशी बोलायचं तर मिस्टर खाटेखाली उताणे झोपायचे. ट्रकखाली शिरल्यासारखे सरकत यायचे. चमच्याने पेज भरवायचे ती निम्मी त्यांच्याच शर्टावर सांडायची. “मास्तरीणबाई, रिपोर्ट द्या,” असं म्हणायचे. चौथ्या दिवशी ते असेच खाली असताना मी सांगितलं. वीज, ठिपके, आसाम, कलकत्ता, सगळं.

“किती दिस म्हनलीस?”

“बावीस.”

“आन मला काल म्हनलीस. डॉक्टरला बी काल म्हनलीस.”

“हो.”

ते सरकत बाहेर आले, उठले आणि निघून गेले. (हे लिहिताना ते थांबले आहेत. मी लिहा म्हणते आहे.) दोन तासांनी परत आले. पुन्हा खाली झोपले. त्यांचा आवाज रडून आल्यासारखा होता. “फौजेत गोळी लागली तर मानूस वरडतो गं,” एवढंच म्हणाले आणि पेजेचा चमचा वर धरला.

दुसऱ्या दिवशी राऊंडला मी डॉक्टरांनाही सांगितलं, त्यांच्या काळ्या बुटांकडे बघत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. केसपेपरवर पेनाने काहीतरी खोडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “पहिल्याच दिवशी कळलं असतं तर मी अर्धं काम केलं नसतं. सगळे उपाय एकदमच केले असते. वाचला असता कदाचित.” दाराशी जाऊन परत वळले. “मुलीला आणा. तिचेही पडदे बघायचेत.”

त्या ‘कदाचित’वर मी अजून जगते आहे, किंवा मरते आहे. रोज त्याची दोन्ही उत्तरं काढून बघते.

नंतर

पट्टी निघाली तेव्हा हातभर अंतरावरची बोटं मोजता येत होती. महिनाभर मी वेड्यासारखी स्वतःचीच बोटं मोजत बसायची. मग डोळ्यातला दाब वाढला. तेल काढावं लागलं. तेल काढलं आणि तिसऱ्या आठवड्यात पडदा पुन्हा खाली आला. डॉक्टर म्हणाले, “आता डोळ्याला आणखी त्रास देण्यात अर्थ नाही.” मी त्यांना थँक्यू म्हणाले. सवय असते बोलायची.

आता उजव्या डोळ्याला दिवस आहे की रात्र, एवढं कळतं. डाव्याने कडेकडेने चालते. नोकरी सोडली. लोक सांगतात, देवाने दुसरी दारं उघडी ठेवलेली असतात. ठेवली असतील. मला सापडलेली नाहीत. सकाळी जाग आली की पहिल्या क्षणाला आठवत नाही, आणि मग आठवतं. हे रोज होतं. पहिले काही महिने मी विहिरीचा विचार करत होते, तेही सांगून टाकते. केलं नाही ते धैर्यामुळे नाही. विहिरीपर्यंत मला कुणीतरी हात धरून न्यावं लागलं असतं.

वर्षाची तपासणी झाली. तिच्या दोन्ही पडद्यांवर विरलेल्या जागा निघाल्या आणि एका डोळ्यात बारीक भोक. त्याच आठवड्यात लेसर मारला. पडदा सुटायच्या आत कडेने लेसर मारून घेतला तर बहुतेक वेळा निभावतं, असं डॉक्टर म्हणाले. जाड चष्म्याच्या प्रत्येक मुलामुलीच्या आईबापांनी एवढं तरी ऐकावं, आणि डॉक्टर विचारतील तेव्हा दिवस खरे सांगावेत. एवढ्यासाठीच हा खटाटोप.

लेसर झाल्यावर वर्षा म्हणाली, “आई, मी त्यांना सांगणार आहे. सगळं. मोडलं तर मोडू दे.” लग्नाला दीड महिना उरला होता. ती एकटीच जायला निघाली होती. मीच म्हणाले, खोटं मी केलंय, मी येते.

मलकापूरला आम्ही तिघं गेलो. या वेळी दोघींनीही चष्मे लावले होते. माझ्या उजव्या काचेचा आता काही उपयोग नव्हता तरी लावला. मुलाच्या आईने मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. मी एका दमात बोलले. वर्षाचा नंबर, माझा नंबर, लेसर, दोन्ही वेळा चष्मे काढून उभं राहणं. तुम्हाला नको असेल तर आमचं काही म्हणणं नाही, असंही म्हणाले.

तिने पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. मग म्हणाली, “आवं ताई, पोरीला नंबर हाय ते आमाला पहिल्याच दिशी कळालं हुतं.”

“कसं?”

“चष्मा काडला म्हनून नाकावरचं खड्डं जात्यात व्हय? तुमच्या बी नाकावर हुतं, पोरीच्या बी. माज्या भावजयीला असलाच जाड चष्मा हाय की. घरी जाताना गाडीत आमी तेच बोलत हुतो. पोरगा म्हनला, नंबर आसंना का, पोरगी चांगली हाय. म्हनून तर होकार दिला.”

वर्षाने माझा हात घट्ट दाबला. मी विचारलं, “मग तेव्हा बोलला का नाही तुम्ही?”

“तुमी येवढं मनापास्नं लपवत हुता,” ती म्हणाली, “म्हटलं, पावन्या मानसांचा अपमान कशाला करायचा.”

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. वर्षा सुखात आहे, चष्मा लावते, दर सहा महिन्यांनी पडदे तपासून घेते. ते तिचं झालं. मी मात्र मलकापूरच्या त्या खुर्चीतून अजून उठलेली नाही. ज्यांच्यापासून लपवण्यासाठी मी बावीस दिवस गप्प राहिले, त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. ज्यांना दिवस कळायला हवे होते, त्या डॉक्टरांना मात्र कळले नव्हते.